वृषालीचं शून्य

वृषाली जगदाळेने शून्याचं बटण दाबलं ते अवघ्या विसाव्या सेकंदाला. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं, घाई करू नका, अर्धा तास लागला तरी चालेल. पण घाई न करणं आपल्याकडच्या बायकांना कधी कोणी शिकवलंय? दाराबाहेर बाकावर आणखी चौघी बसल्या होत्या. नर्सताई दोनदा डोकावून गेल्या होत्या. खाली गाडीपाशी नवरा ताटकळत असेल, हेही डोक्यात होतंच. पडद्यावर प्रश्न आला, 'आत्ता काही दुखतंय? कसली भीती वाटतेय? काहीच नसेल तेव्हाच बटण दाबा.' काही नाही, असं मनाशी म्हणून वृषालीने बटण दाबून टाकलं आणि साडी सावरत ती उठली.

त्या एका बटणाने पुढे काय केलं ते सांगायचं, तर आधी थोडं मागे जायला हवं.

वृषाली साताऱ्याजवळच्या एका गावात अंगणवाडी चालवायची. वय पंचेचाळीस, लेक पुण्यात शिकायला. अडीच वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. पाच आठवडे बाहेरून किरणं, मग आतून किरणं, आणि सोबत सलाईनमधून औषध. कॅन्सर गेला. घरी पेढे वाटले, सासूबाईंनी देवीची ओटी भरली. कॅन्सर बरा झाला म्हणजे माणूस बरा झाला, असं मानणाऱ्यांचा आपल्याकडे काही तुटवडा नाही. ज्या किरणांनी गाठ जाळली, त्यांनीच आजूबाजूचं मऊ मांसही कडक करून ठेवलं होतं. भिजून वाळलेल्या चामड्यासारखी ती जागा आकसली, कोरडी पडली. चालताना टोचायची, बसताना टोचायची, मग नवऱ्याजवळ जाण्याची तर गोष्टच सोडा. पूर्वी अशा बाईला इस्पितळातून ती जागा ताणून ठेवायला प्लास्टिकची एक नळी आणि एक कागद मिळायचा, तोही खालच्या आवाजात. तेवढंही न मिळालेल्या बायका तर मोजायलाच नकोत.

वृषालीच्या वेळेपर्यंत मात्र 'अस्तर' आलं होतं. गालाच्या आतली नखाएवढी कातडी घ्यायची, प्रयोगशाळेत तिच्यापासून नवं पातळ अस्तर वाढवायचं आणि आकसलेल्या जागी ते बसवायचं. स्वतःच्याच पेशी, त्यामुळे शरीर त्यांना परकं मानत नाही. गालाच्या आतली कातडी ओलसर आणि लवचिक असते, ते गुण अस्तरातही उतरतात. खरी कमाल पुढेच होती. या अस्तरात केसाहून बारीक तारांची जाळी विणलेली असे. ती वर्ष-दीड वर्षात आपोआप विरघळून जाई, पण तोपर्यंत दोन गोष्टी मोजत राही. एक, दुखण्याचा संदेश घेऊन जाणाऱ्या नसांमधली हालचाल. दुसरी, आजूबाजूच्या स्नायूंचा ताठरपणा. कारण अंग दुखण्याआधी घाबरतं. कुणी डोळ्यापाशी बोट नेलं की पापणी आधी मिटते, तसे हे स्नायू स्पर्शाआधीच आवळतात.

ही मोजणी मनगटावरच्या पट्ट्यावर दिसायची, शून्य ते दहा. पट्टे दोन असत, एक बाईचा आणि दुसरा जोडीदाराचा. तिचा आकडा तीनच्या वर गेला की त्याच्या मनगटावर थरथर होई. म्हणजे थांब. तोंडाने सांगायला लागू नये म्हणून ही सोय. जोडीदाराचा पट्टा चालू ठेवायचा की बंद, हे ठरवायचा हक्क फक्त बाईचा. आणि हा सगळा डोलारा उभा होता तो एका शून्यावर. 'काहीच नाही' म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या अंगाने सांगायचं आणि यंत्राने तिथून पुढे मोजायचं.

वृषालीचा नवरा हणमंत वीज मंडळात लाइनमन. सरळ माणूस. दारू नाही, आवाज चढवणं नाही, आजारपणात रोज साताऱ्याला नेणं-आणणं त्याने एकट्याने केलं. "आमच्यात बावीस वर्षांत एकदा भांडण नाही," हे तो पाहुण्यारावळ्यांत छाती फुगवून सांगायचा. आता तारांची पाहणी ड्रोन करायचे, पण खांबावर चढून हाताने करायचं काम उरलेलंच होतं आणि त्याची जुनी पद्धतही. चढण्याआधी सबस्टेशनला फोन लावायचा. "हणमंत जगदाळे बोलतोय. अंगापूर फीडर. जंपची तार बदलायची आहे. परमिट पाहिजे." पलीकडचा ऑपरेटर लाइन बंद करणार, कुलूप लावणार, परमिटचा नंबर देणार. हणमंतने तो नंबर मोठ्याने परत म्हणून दाखवायचा. पलीकडून 'बरोबर' आलं की मगच पुढचं. न्याहारीच्या ताटावर बसल्या बसल्या तो हे बोलायचा, त्यामुळे वृषालीला दोन्ही बाजूंचे शब्द पाठ झाले होते.

अस्तर छान धरलं. तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता हरकत नाही. पट्टा काय करतो ते नर्सताईंनी हणमंतला समजावलं आणि त्याने शाळकरी पोरासारखी मान डोलावली.

पहिल्या वेळी वृषालीला दुखलं. फार नाही, आपलं नेहमीसारखं. तिने दात घट्ट धरले, छताकडे पाहिलं आणि मनात उद्याच्या खिचडीची डाळ भिजवली. हणमंत मनगटाकडे पाहत होता. पट्टा गप्प.

"बघ," तो नंतर म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला होता की तिला भरून आलं. "एकदासुद्धा वाजला नाही. बरी झालीस गं."

वृषालीला वाटलं, एवढं मोठं यंत्रसुद्धा म्हणतंय काही नाही, म्हणजे नसेलच. आपलंच मन नाजूक.

दुसऱ्या वेळीही तसंच. पट्टा गप्प, ती गप्प.

मग मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी दोघं गाडीवरून बाजाराला निघाली. शाळेपुढचा गतिरोधक हणमंतला दिसला नाही. गाडी दाणकन आदळली आणि मागे बसलेल्या वृषालीची बोटं त्याच्या खांद्यात रुतली. तोंडातून हुं की चूं नाही, पण बोटं मात्र रुतली. हणमंतने गाडी कडेला घेतली आणि मनगट डोळ्यांपुढे धरलं.

"लागलं ना तुला?"

"काही नाही. चला."

"खांद्यावर वळ उठला असेल माझ्या आणि हा वाजला नाही." त्याने पट्ट्यावर टिचकी मारली. "हा टेस्टर मेलाय."

"अहो, टेस्टर काय!"

"टेस्टरच की. वृषाली, तार मेलेली आहे का बघायची, तर टेस्टर आधी जिवंत तारेवर लावून बघतात. तिथं पेटला तरच त्याच्यावर विश्वास. मेलेल्या टेस्टरवर विसंबून खांबावर चढलेला माणूस मी खाली उतरवलाय, माझ्या या हातांनी." त्याचा आवाज बदलला होता. "आणि मी तुझ्या बाबतीत हे न तपासताच... चल. बाजार राहू दे."

"अहो, घरी चला, उगाच कशाला..." वृषाली म्हणत राहिली. पण गाडी इस्पितळाच्या रस्त्याला लागली होती.

तिथे शबाना मुजावर म्हणून समुपदेशक होत्या. पन्नाशीच्या, ऐकताना समोरच्याकडे नीट पाहणाऱ्या. हणमंतने पट्टा रुमालात गुंडाळून त्यांच्या टेबलावर ठेवला, सगळी तक्रार सांगितली आणि म्हणाला, "मॅडम, बदलून द्या. हिच्या जिवाशी खेळ आहे." मुजावर मॅडमनी नोंदी पाहिल्या. मग त्याला बाहेर बसायला सांगून दार लोटलं.

"वृषालीताई, यंत्र ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "चुकलंय ते शून्य. तुम्ही बटण दाबलंत तेव्हा स्नायू किती आवळलेले होते बघा." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "दुसरी एखादी बाई इथे 'पाच' म्हणाली असती. तुम्ही याला 'काही नाही' म्हणालात. बिचारं यंत्र, त्याने विश्वास ठेवला. अंगणवाडीत बाळाचं वजन करता ना?"

"करते की. काटा शून्यावर आणल्याशिवाय बाळ ठेवतच नाही मी. एवढंएवढंसं असतं, पावशेराचा फरकसुद्धा..." आणि वृषाली बोलता बोलता थांबली.

 मुजावर मॅडमनी हळूच विचारलं, "हे किती दिवसांपासून आहे?"

"किरणं दिल्यापासून."

"किरणांनी मांस कडक होतं, ते वेगळं दिसतं. हे बघा, आधी ही रेघ चढते, स्पर्श नंतर होतो. अंगाने आधीच दार लावून घेतलंय. एवढी पक्की सवय अडीच वर्षांत लागत नाही, ताई."

वृषाली हातातल्या पिशवीच्या बंदाला पीळ घालत बसली. तिला तेविसाव्या वर्षाचं आपलं लग्न आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीला तिने रडत विचारलं होतं आणि मावशी म्हणाली होती, सुरुवातीला होतं गं, मग अंगवळणी पडतं. खरंच पडलं. इतकं की दुखतं हेच विसरायला झालं. कॅन्सर निघायच्या आधी एकदा डॉक्टरांनी विचारलं होतं, संबंधाच्या वेळी दुखायचं का, आणि ती सवयीने काही नाही म्हणाली होती. रक्तस्राव सुरू झाल्यावर गाठ कळली. किती उशिरा, हा हिशेब तिने कधी मांडला नव्हता, आणि आत्ता तो आपोआप समोर येऊन उभा राहिला.

"बावीस वर्षं," ती म्हणाली. हे तिने पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं.

"हे तुमचं आहे," मुजावर मॅडम म्हणाल्या. "मी त्यांना एक शब्द सांगणार नाही. यंत्र तपासून बघितलंय म्हणेन, ते खोटंही नाही. तुम्ही त्यांचा पट्टा बंद करू शकता. जागा ताणायचे व्यायाम एकटीने केलेत तरी अस्तर तितकंच चांगलं राहील. किंवा शून्य नव्याने लावू. पण ते खरं लागलं, की त्यांच्या हातावर जे उमटेल तेही खरं असेल. आणि ते विचारतील."

दार उघडून ती बाहेर आली तेव्हा हणमंत ताडकन उठला. "काय म्हणाल्या? बदलून देणार?"

एवढं एकच वाक्य पुरे होतं, हो, बदलून देणार. या माणसाच्या मनातली बावीस वर्षं जशीच्या तशी राहिली असती. छाती फुगवून सांगण्यासारखी. किमोच्या दिवसांत तिची उलटी ओंजळीत झेलणारा हा माणूस. त्याला हे सांगायचं? कशाला? वृषालीच्या ओठांवर ते वाक्य आलंही होतं.

"गाडीला चार्जिंग कमी आहे ना?" ती म्हणाली. "तिथे बसू. सांगते."

हमरस्त्याच्या कडेला चार्जिंगची जागा होती, सिमेंटचं बाकडं आणि वर पत्रा. चाळीस मिनिटं लागणार होती. गाडीला वायर लावून हणमंत शेजारी येऊन बसला आणि वृषालीने रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉल्यांकडे बघत सगळं सांगितलं. शून्याचं, मावशीचं, डॉक्टरांना दिलेल्या उत्तराचं. त्याच्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

हणमंतने उठून गाडीची वायर उगाच तपासली आणि परत येऊन बसला.

"आधीपासून?"

"आधीपासून."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी नाही हो. पण... पुष्कळदा."

"मला सांगायचं नाही होय?" तो जवळजवळ ओरडला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पलीकडचा ट्रकवाला वळून बघायला लागला. "मी काय राक्षस आहे?"

"तुम्ही चांगले आहात, म्हणूनच नाही सांगितलं." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "तुम्ही विचारलं असतंत तरी मी काही नाही म्हणाले असते. मलाच माहीत नव्हतं, हे सांगायचं असतं म्हणून."

हणमंतने दोन्ही तळहात गुडघ्यांवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिला. तारांनी घट्टे पडलेले हात.

"रोज परमिट मागतो मी," तो शेवटी म्हणाला. "साध्या पगारी कामाला. परमिटशिवाय आजवर एका तारेला हात लावला नाही. आणि घरात बावीस वर्षं..." 

घरी आल्यावर त्याने पट्टा काढून खुंटीवर सेफ्टी बेल्टच्या शेजारी अडकवला आणि आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. रुसवा नव्हता तो. जेवायला बसायचा, भाजी चांगली झाली म्हणायचा, लेकीच्या फोनवर हसायचाही. पण जाता-येता वृषालीला चुकून धक्का लागला तर चटका बसल्यासारखा मागे सरायचा. वृषालीला वाटायला लागलं, सांगून मी काय मिळवलं? होता तो माणूसही घालवला.

शून्य नव्याने लावायचं काम तिला घरीच करायचं होतं. मुजावर मॅडमनी बजावलं होतं, या खेपेला यंत्र तुमच्या शब्दावर जाणार नाही. अंग खरंच सैल पडलं की पट्ट्यावरचा नारिंगी दिवा विझेल, तेव्हाच त्यावरचं बटण लागू पडेल. अंगणवाडी सुटली की वृषाली रोज दुपारी आतल्या खोलीत पडून राहायची. डोळे मिटून, श्वास मोजत. दिवा नारिंगीच. आपल्याला कसली भीती वाटतेय हेच तिला कळेना. घरात कोणी नाही, दार बंद, अंगाला कोणाचा हात नाही. तरी अंग आपलं आवळलेलं. आठव्या दिवशी तिला रडू फुटलं. काहीच नसणं म्हणजे कसं असतं, हे या अंगाला कधी कळलंच नव्हतं की काय?

दहाव्या दिवशी रविवार होता. माजघरात वर्तमानपत्र पसरून ती पावटे सोलत बसली होती. हणमंत बाहेरून आला. खुंटीवरचा पट्टा काढून त्याने हातात घेतला आणि येऊन तिच्यापासून चांगला हातभर अंतरावर बसला. घसा साफ केला.

"हणमंत जगदाळे बोलतोय," तो म्हणाला. अगदी फोनवरचा आवाज.

वृषालीने वर पाहिलं. तिला आधी हसूच आलं. पण त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. कपाळाला घाम होता, थंडीच्या दिवसांत.

"परमिट पाहिजे," तो म्हणाला.

बावीस वर्षं कानावरून गेलेले पलीकडचे शब्द तिच्या तोंडून आपोआप आले. "काम काय?"

"हा पट्टा घालायचाय. आणि हात धरायचाय."

"कोणता हात?"

"जो मोकळा असेल तो."

तिने पावट्याची शेंग खाली ठेवली. "दिलं."

"पट्टा आणि हात. बरोबर?"

"बरोबर."

त्याने पट्टा मनगटावर चढवला. मग तिचा डावा हात असा धरला, की जोर कुठेच नव्हता. दोघं बसून राहिली. बाहेर कोणाच्या तरी अंगणात धुणं आपटल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने हणमंत खाली बघत म्हणाला, "आणि पुढचं... म्हणजे आज, उद्या, कधी... तेही विचारायचं होतं. विचारायचं कसं हे कोणी शिकवलं नाही मला. म्हणून या पद्धतीने विचारतोय."

 सवयीचं उत्तर, 'हो', वृषालीच्या जिभेवर तयारच होतं. तिने ते गिळलं. दुसरा शब्द शोधावा लागला. लहानसाच होता, पण बाहेर यायला त्याला वेळ लागला.

"नको," ती म्हणाली. "आज नको. उद्याचंही मला माहीत नाही."

आता हात सुटेल, म्हणून ती वाट पाहत राहिली. चेहरा उतरेल, एक सुस्कारा येईल, मग पाठ फिरेल.

"आज नको. उद्याचं माहीत नाही," हणमंतने नंबर म्हणून दाखवावा तसं परत म्हणून दाखवलं. "बरोबर?"

"बरोबर."

"बरं," तो म्हणाला. हात सोडला नाही, दाबलाही नाही. मोकळ्या हाताने त्याने पावट्याची एक शेंग उचलली आणि एकाच हाताने ती सोलायची खटपट करू लागला. दोन दाणे उडून देव्हाऱ्याखाली गेले. "हे जमत नाही बुवा," तो पुटपुटला. "दे, शिकव."

वृषालीने तिच्या मोकळ्या हाताने शेंग धरली, त्याने त्याच्या मोकळ्या हाताने शीर ओढली. एक शेंग, दुसरी, तिसरी. पातेल्यात दाणे पडत राहिले. कधी ते तिला सांगता आलं नसतं, पण तिचे खांदे खाली आले. मग पोट सैल पडलं. मग आणखी खोल, बावीस वर्षं मुठीत धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं. तिचं लक्ष स्वतःच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे गेलं तेव्हा नारिंगी दिवा विझलेला होता.

तिने घाई केली नाही. आणखी चार शेंगा सोलून झाल्या. दिवा विझलेलाच राहिला. मग तिने बटण दाबलं आणि दोन्ही पट्टे एकदम किंचित वाजले.

हणमंत दचकला. "काय झालं? दुखतंय का कुठे?"

'काही नाही' म्हणायला वृषालीने तोंड उघडलं आणि ती थांबली. "थांबा, बघते," ती म्हणाली. डोळे मिटून तिने खरोखरच पाहिलं. पायांपासून, सावकाश, घरातली एकेक खोली बघून यावी तसं. हणमंत न हलता वाट पाहत होता.

"नाही," ती डोळे उघडून म्हणाली. "कुठेच नाही."

त्याने मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या तोंडाकडेच बघत तो म्हणाला, "कुठेच नाही. बरोबर?"

"बरोबर," वृषाली म्हणाली आणि तिने पुढची शेंग उचलली.